चोवीस ट्रे

सावद्याच्या बाहेर, स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्याला
केळीचा पल्प काढणारा कारखाना.
मे महिना. पत्र्याखाली बॉयलर, बॉयलरशेजारी आम्ही.
झोपे साहेबांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं.
म्हणाले, "सोलणाऱ्या बाया हळू आहेत.
किती हळू, तेवढं आकड्यात आण."

पहिल्या दिवशी खरं काहीच मोजता आलं नाही.
घड्याळ दिसलं की हात बदलतात.
जैतुनबाई तडवी तर केळं अशा सोलू लागल्या
जसा लग्नघरात चार बायांसमोर
कोणी मांडा हातावर फिरवावा.

"काय लिहू राह्यली वं माय?"
"वेळ."
"कोनाचा?"
हे फॉर्मवर विचारलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या मला विसरल्या, तेव्हा आकडे आले.
एक ट्रे सोलायला तीन मिनिटं चाळीस सेकंद.
रिकामा ट्रे यायची वाट सहा मिनिटं, कधी सात.
ट्रे नाही म्हणून टेबलावरच ठेवलेलं सोललेलं केळं
मात्र कोणासाठी थांबत नाही.
कडेकडेने तपकिरी होत जातं.
मग लॅबवाले रंगावर शेरा मारतात
आणि तो शेराही बायांच्याच नावावर.

आमच्या बागेत ठिबक कुठे चोंदलं
की दादा नळी बघत चालत नसत,
पानं बघत चालत.
पहिलं मलूल झाड दिसलं की त्याच्या अलीकडे
उकिडवे बसून नळी चाचपत.

मी तशीच निघाले, रिकाम्या हातांपासून उलटी.
टेबल. धुण्याचा हौद. हौदावर रमजान,
पाइप हातात, पाणी चालू, धुवायला काही नाही.
त्याच्याही अलीकडे, पल्परमागे, ट्रॉली.
ट्रॉलीवर सतरा रिकामे ट्रे. जागच्या जागी उभी.
"हलवत का नाही?"
इच्छाराम बाविस्करांनी भिंतीकडे बोट केलं.
निळा ऑइलपेंट, फार सुंदर वळणाचं अक्षर:
चोवीस ट्रे झाल्याशिवाय ट्रॉली हलवू नये.

कोणी लिहिलं, कोणालाच माहीत नाही.
बाविस्करांच्या आधीच्या माणसाच्या वेळीही होतं म्हणे.
तेव्हाच्या ट्रॉलीचं एक चाक अधू होतं,
फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून असेल.
ते चाक गेलं, ती ट्रॉली गेली,
वाक्य राहिलं.

चुना फिरवला. आठ झाले की ट्रॉली.
वाट उतरली पन्नास सेकंदांवर.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

आठवड्याने जैतुनबाई म्हणाल्या,
"माय, तू आमची सहा मिन्टं खाल्ली."

त्या सहा मिनिटांत त्या पालथ्या क्रेटवर टेकत,
बोटांच्या भेगांत काळा पडलेला चीक
लिंबाच्या सालीने घासत,
शेवंताला सुनेच्या बाळंतपणाचं सांगत.
माझ्या कागदावर ते सगळं "वाया" या रकान्यात.
त्याच कागदावर, वरच्या बाजूला,
रायपनिंग चेंबरमध्ये चार दिवस नुसतं पडून असलेलं केळं
"प्रक्रिया" या रकान्यात.
अक्षर माझंच.

मी पुन्हा मोजलं.
आता तिसऱ्या तासाला
तीन चाळीसचे चार पन्नास होतात.
दर दोन तासांनी दहा मिनिटं टेबल बंद ठेवावं,
असा कागद केला, आकडे जोडले, साहेबांकडे दिला.
"बघू," म्हणाले.

त्याला आज नऊ दिवस.
मी नवा फॉर्म काढलाय.
ठिकाण: साहेबांचं टेबल.
काम: एक सही.
वाट: मोजणी चालू.

पल्परमागच्या भिंतीवर दुपारचं ऊन आडवं आलं
की चुन्याखालून चोवीस अजून वाचता येतात.
बाविस्कर ट्रॉली ढकलतात, आठ झाले की,
पण जाताना एकदा तिकडे बघतात.